खेळगाडीला ग्रामपंचायतीने पैसे द्यावेत का?

तरीवरची

दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांना, म्हणजे दापोली आणि गुहागर तालुक्यांतल्या काही वाड्यांवर, आम्ही खेळगाडी चालवतो. जुनी व्हॅन आहे. मागच्या सीट काढून त्यात ताडपत्री, सतरंज्या, लाकडी ठोकळे, कापडी बाहुल्या, वाळूचं घमेलं, करवंट्या, पळ्या, चित्रांची पुस्तकं आणि पाण्याचा पिंप ठेवलाय. एक चालक, दोन ताया. ठरलेल्या वारी ठरलेल्या वाडीवर जायचं, दोन तास थांबायचं. दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी चढते म्हणून हे जमतं. चिपळूणवरून वळसा घ्यावा लागला असता तर दिवस रस्त्यातच गेला असता.

लहान मुलं येतात, एक वर्षापासून पुढची, आणि प्रत्येकासोबत घरचं एक मोठं माणूस. त्या माणसाने शेवटपर्यंत थांबायचं आणि मुलासोबत खेळायचं, एवढी एकच अट. मूल आमच्यावर सोपवून कामाला जायचं असेल तर त्याला पाळणाघर हवं, आणि तीही गरज खरीच आहे, पण ते काम वेगळं.

हे का करतो ते सांगते. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली. हा आकडा वाडीवर दिसतो तो असा, की पूर्वी एका अंगणात दहा-बारा पोरं हुंदडायची तिथे आता एक चार वर्षांचं आणि एक रांगतं. आईबाप मुंबईला, मूल आजीजवळ. आजी जीव लावते, गोष्टी सांगते, पण बरोबरीचं मूल ती कुठून आणणार? हिसकाहिसकी, रुसणं, पुन्हा जवळ येणं हे बरोबरीच्यांतच होतं.

आता प्रश्न. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला १० टक्के भाग महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. आमच्या मार्गावरच्या ग्रामपंचायतींनी त्यातला थोडा वाटा गाडीला द्यावा असा विषय ग्रामसभेत मांडणार आहोत. माझं मत उघड आहे, द्यावा. ज्यांना पटत नाही त्यांनी इथे स्पष्ट लिहावं.

जुने गुरुजी

जिल्हा परिषद शाळेतून निवृत्त झालो. माझा विरोध आहे.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. अंगणवाडीत खेळ आणि पूर्वशिक्षण आहेच, शिवाय तीन ते सहा वर्षांच्या मुलाला शिजवलेला गरम आहार आहे, वर्षातले ३०० दिवस. लसीकरण, वजन, आरोग्य तपासणी, गरोदर बाईची नोंद, सगळं तिथेच. सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २००६ ला आदेश दिला की ज्या वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुलं आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती मिळाली पाहिजे. हा मुलाचा हक्क आहे, कुणाची मेहेरबानी नव्हे.

तुमची गाडी आठवड्यातून दोन तास येते. तिला ग्रामसभेने पैसे दिले की उद्या कुठल्यातरी बैठकीत सांगितलं जाईल, त्या वाडीला सोय आहे. कागदावर 'सोय आहे' लागलं की मागणी मेली. वाडीवरच्या शाळांचं हेच झालेलं मी पाहिलंय. पट कमी, म्हणून शाळा बंद, मुलांना वाहन देतो म्हणाले. पहिल्या वर्षी वाहन आलं. पुढे कधी आलं, कधी नाही.

तरीवरची

गुरुजी, ४० मुलं आमच्या काही अख्ख्या महसुली गावांत नाहीत. अंगणवाडीचा साधारण निकष ४०० ते ८०० लोकसंख्येला एक, आणि १५० ते ४०० ला मिनी. हा निकष एका जागी वसलेल्या गावाला लागू पडतो. आपलं गाव म्हणजे आठ-दहा वाड्या, मधे डोंगर, पऱ्ये, साकव, पाखाड्या. अंगणवाडी गावठाणात असते आणि धनगरवाडा सड्याच्या वरच्या टोकाला. अडीच वर्षांचं पोर कडेवर घेऊन आजीने रोज ती घाटी उतरायची आणि चढायची? कागदावर त्या मुलाला अंगणवाडी आहे. तुम्हाला ज्या 'सोय आहे'ची भीती वाटते ती आधीच लिहून झालीय, आमच्या गाडीशिवाय.

आणि आंब्याच्या बागांत राखणीला राहिलेली नेपाळी कुटुंबं? चिरेखाणीवर कर्नाटकातून आलेली? हंगामापुरती येतात, मुलं सोबत असतात, गावातल्या कुठल्याच मोजणीत ती धड येत नाहीत.

सेविका, गुहागर तालुका

मी अंगणवाडी सेविका आहे. गाडी आमच्या शेजारच्या वाडीवर येते म्हणून लिहिते.

गाडी येते त्या दिवशी माझ्याकडची मुलं तिकडे जातात. जाणारच, तिथे नवी खेळणी असतात. पण त्या दिवशी आहार शिजवलेला असतो. मुलं जेवायला येत नाहीत, हजेरी कमी लागते, आणि पोषण ट्रॅकरवर, म्हणजे अंगणवाडीच्या नोंदींच्या सरकारी अ‍ॅपवर, ती कमी हजेरी माझ्या नावावर दिसते. वरून विचारणा मला होते. वजन घ्या, फोटो टाका, नोंदी भरा, गृहभेटी करा, त्यातून उरलेल्या वेळात मी गाणी-गोष्टी घेते. डिसेंबर २०२३ मध्ये आम्ही संपावर गेलो तेव्हा गावातले लोक म्हणाले, मुलांचं काय? बरोबर आहे. पण एरवी कुणी येऊन विचारत नाही की बाई, तुमच्याकडे ठोकळे आहेत का.

निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, इकडे कितीतरी इमारतींचे पत्रे उडाले. पत्रे परत बसले, पण आमच्याकडे पावसात भिंतीतून ओल येते ती अजून येते. १० टक्क्यांतून आधी ती भिंत करा. माझा गाडीवर राग नाही. त्या ताया चांगल्या आहेत, मुलांशी छान बोलतात.

वेंगुर्ल्याचो

माका ह्यां काय पटत नाय. आमच्या पोरांका खेळूक गाडी कित्याक व्हयी? परड्यात माती आसा, व्हाळ आसा, कोंबडी-वासरां आसत. आजयेच्या मागसून फिरान पोर सगळां शिकता. भायरची माणसां खेळणी घेवन येतली आणि आमकाच सांगतली, तुमचां पोर मागे रवलां. तुमका कोणी बोलावल्यान?

दोन पोरांची आई

वेंगुर्ल्याचे काका, आम्ही बोलावलं. मी लग्न होऊन डोंबिवलीहून इकडे आले. परडं आहे, वहाळ आहे, आंब्याखाली सावली आहे. दुसरी आई नव्हती. आमच्या वाडीत माझ्या वयाची बाईच नाही.

माझा धाकटा हाका मारल्या तरी वळायचा नाही. घरात सगळे म्हणायचे, नादिष्ट आहे, बापही उशिरा बोलायला लागला होता. गाडीवरच्या ताईने आठवडे लक्ष ठेवलं, मागून खुळखुळा वाजवून पाहिला, मग मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाली, कान तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं हे मला तिनेच सांगितलं. माझं मूल तीन वर्षांचं झालं नव्हतं, ते अंगणवाडीत बसतच नव्हतं, त्यामुळे आधीच्या वेळी पथक आलं तेव्हा आम्ही घरी होतो. पुढे जिल्हा रुग्णालयात तपासणी झाली. आता त्याला श्रवणयंत्र आहे. तो 'आजी' म्हणतो.

तीन वर्षांखालच्या मुलाला घरी न्यायच्या आहाराची पाकिटं मिळतात. त्याला बसायला जागा कुठे मिळते?

जुने गुरुजी

ताई, मुलाचं ऐकून फार बरं वाटलं. पण यातून निघतं काय? अंगणवाडी शून्य ते सहा वयासाठी आहे. सेविकेच्या अंगावरचं नोंदींचं ओझं कमी केलं आणि गृहभेटीला वेळ दिला, तर हे तिनेच ओळखलं असतं. वरच्या ताईंचं म्हणणं वाचा. हातात खेळणी नाहीत, भिंतीला ओल आहे. पैसा तिकडे जायला हवा.

डहाणूची

आमच्या भागातलं उदाहरण देते. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला आल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झालं. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत नेली आणि अंगणात भरवली. अंगणवाडीची मूळ कल्पना ती. पुढे गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली, मुलं गुरांमागे जातात तर शिक्षक कुरणात जाईल म्हणून. मूल येत नसेल तर आपण जायचं, हे आपल्याच किनाऱ्यावर घडलंय. खेळगाडी त्याच वाटेवर आहे.

जुने गुरुजी

ताराबाईंचं नाव काढलंत म्हणून सांगतो. त्या वस्तीत गेल्या आणि तिथल्याच झाल्या. अनुताई वाघ १९४५ ला बोर्डीला आल्या, ताराबाईंसोबत कोसबाडच्या टेकडीवर गेल्या आणि १९९२ ला जाईपर्यंत त्याच मुलांत राहिल्या. ज्या अंगणात आज गेल्या त्याच अंगणात उद्या. फेरीबोटीच्या वेळा पाहून दुपारी खेळणी गाडीत भरणं आणि हे एक नव्हे. दीड वर्षाच्या मुलाला आठवडा म्हणजे केवढा मोठा काळ. ठोकळा हातात येतो, खेळ रंगतो, आणि गाडी निघते. ते मूल रडतं ना? खरं सांगा.

तरीवरची

रडतात गुरुजी. काही मुलं दर वेळी रडतात. म्हणून आवरण्याचंच गाणं केलंय. ठोकळे पोत्यात टाकायचं काम मुलंच करतात, आणि प्रत्येक घरी एक पुस्तक किंवा एक खेळणं आठवडाभरासाठी जातं, पुढच्या वेळी बदलून मिळतं. रडणं त्याने थांबत नाही, कमी होतं.

पण आमचा भर मुलाच्या दोन तासांवर नाहीच, मोठं माणूस थांबतं त्यावर आहे. इंग्लंडात १९६१ पासून पालकांनी मिळून चालवलेल्या खेळगटांची चळवळ वाढली ती याच कल्पनेवर, की आई-आजी खेळात बसली तर खेळ घरी जातो. ऑस्ट्रेलियात दूरदूरच्या शेतवस्त्यांवर अशा गाड्या जातात, तिथेही पालक थांबतात. आमच्याकडे एका आजीने पाहिलं की घमेल्यातलं पाणी पेल्यातून पेल्यात ओतण्यात नातू किती वेळ रमतो. आता ती घरी न्हाणीजवळ त्याला तेच देते. उरलेले सहा दिवस असे भरतात. त्याला सरकारी मंजुरी लागत नाही.

हिशेबनीस, खेड

मी भावनेत पडत नाही. डिझेल, चालकाचा पगार, फेरीबोटीचं भाडं, विमा, पासिंग, टायर. कोकणातले रस्ते आणि खारा वारा, पत्रा किती वर्षं टिकेल? यातलं काहीच मुलाच्या हातात जात नाही. त्यापेक्षा प्रत्येक वाडीत एका बाईला शिकवा, मानधन द्या, तिच्या घरी खेळण्यांची पेटी ठेवा. महिन्याने पेट्यांची अदलाबदल करा, ती एस.टी.नेही होईल. तेवढ्याच पैशांत खेळ रोजचा होईल.

तरीवरची

कागदावर तुमचंच बरोबर दिसतं. पण ती बाई कोण, ते सांगा. साठीच्या पुढची आजी गुडघे धरून बसते. तरुण बाई काजू-आंब्याला नाहीतर मासळीवर. हर्णैसारख्या बंदरात संध्याकाळी मासळीचा लिलाव चालतो, तिथल्या बाईची सवड सकाळी, आणि बागेतलीची दुपारी.

दुसरं, पेटी कुणाच्या घरी? वाडीत भावकीचे वाद असतात, जमिनीचे, पालखीच्या मानाचे. एका घरी पेटी ठेवली की दुसऱ्या भावकीची पोरं त्या पायरीवर चढत नाहीत. देवळाच्या सभामंडपात बसलो तर मोहल्ल्यातल्या बायका येत नाहीत. गाडी कुणाचीच नसते आणि बंद पडलेल्या शाळेच्या पटांगणात उभी राहते. तिथे सगळ्या येतात. पावसाळ्यात त्याच शाळेची पडवी उघडून मागतो. दोन घरांतल्या सुना, ज्यांचं बोलणं तुटलं होतं, तिथे एकाच सतरंजीवर बसल्या. डिझेलचा हिशेब करताना हेही धरा.

हिशेबनीस, खेड

भावकीचा मुद्दा मान्य. पण मग पेटी त्या बंद शाळेतच ठेवा आणि किल्ली ग्रामपंचायतीकडे. गाडी आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी. खर्च बराच खाली येईल.

दोन पोरांची आई

पंधरा दिवसांनी नको. एक फेरी पावसाने चुकली तर महिना जातो. मूल ताईंना विसरतं, पुन्हा ओळखीपासून सुरुवात.

सेविका, गुहागर तालुका

तरीवरच्या ताई, माझं म्हणणं एवढंच. तीन वर्षांच्या पुढची मुलं माझ्याकडे राहू द्या. तुम्ही त्याखालची घ्या, ती माझ्याकडे येतच नाहीत. लसीकरणाच्या दिवशी गाडी नको. आणि कुठल्या मुलाबद्दल शंका आली तर आधी मला कळवा. पथकाला नाव मी देते, पाठपुरावा मलाच करायचा असतो. पेटी फिरवणार असाल तर एक अंगणवाडीतही ठेवा.

तरीवरची

ताई, चारही गोष्टी कबूल. जिथे अंगणवाडी चालत पोचण्याएवढी जवळ आहे तिथे तीनच्या पुढची मुलं आम्ही घेणार नाही, आहाराची वेळ गाठायला त्यांना तुमच्याकडेच पाठवू. धनगरवाड्यावर आणि बागांत मात्र सगळ्या वयाची घेऊ, कारण तिथून त्यांना पाठवायचं कुठे?

गुरुजी, ठरावात हे वाक्य घालायला मी तयार आहे: 'खेळगाडी ही अंगणवाडीची जागा घेत नाही आणि वाडीच्या अंगणवाडीच्या मागणीत तिची सोय म्हणून गणना होऊ नये.' मग पाठिंबा द्याल?

जुने गुरुजी

वाक्य चांगलं आहे, घालाच. तरी गाडीच्या ठरावाला मी हात वर करणार नाही. आधी धनगरवाड्यासाठी मिनी अंगणवाडीची मागणी, मुलांच्या नावांची यादी जोडून. ती मंजूर होऊन वर गेली, पोच हातात आली, की मग गाडीवर बोलू. यादी करायला मी घरोघर येतो. घाटी चढवेल अजून.

तरीवरची

या गुरुजी, गाडी त्या वाडीवर गुरुवारी असते, पायथ्यापर्यंत सोबत जाऊ. मागणीचा ठराव आधी घ्या, माझी हरकत नाही. पण दोन्ही त्याच ग्रामसभेत व्हायला हवेत. डिसेंबरपासून बागांत राखणीची कुटुंबं येतील आणि मे संपता परत जातील. पोच येईपर्यंत थांबलो तर या वर्षीची मुलं निघून गेलेली असतील.