जखमीच्या जागी बदली गडी? वोक्सचा झोळीतला हात बघून पडलेला प्रश्न

गल्लीतला थर्डमॅन (धागाकर्ता)

४ ऑगस्ट २०२५, ओव्हल कसोटीचा पाचवा दिवस. इंग्लंडला भारताविरुद्ध ३७४चा पाठलाग पुरा करायला ३५ धावा हव्या होत्या, आणि गडी तीन शिल्लक की चार, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. सिराज आणि प्रसिध कृष्णाने तीन उडवले. नववा गडी पडला तेव्हा १७ हव्या होत्या, आणि पायऱ्यांवरून इंग्लंडचा वेगवान गोलंदाज क्रिस वोक्स उतरला. पहिल्याच दिवशी सीमारेषेवर चेंडू अडवताना याचा डावा खांदा गेला होता. हात झोळीत, झोळीवरून स्वेटर, स्वेटरची एक बाही रिकामी.

त्याने एकही चेंडू खेळला नाही. ॲटकिन्सनने सिराजला उचलून मारलं, आकाशदीपच्या हाताला लागून चेंडू रेषेपार गेला. षटक संपताना स्ट्राइक राखायला दोघं एका बायसाठी पळाले. वोक्स पलीकडे पोचला तेव्हाचा चेहरा आठवा. एवढा कळवळलेला माणूस मैदानावर उभा आहे आणि आपण इकडे सोफ्यावर देव पाण्यात घालून बसलोय. शेवटी सिराजचा यॉर्कर, भारताचा सहा धावांनी विजय, मालिका २-२.

आता मुद्द्याचं. त्याआधी मँचेस्टरला पंतच्या पायाचं हाड मोडलं, तेव्हा आपला प्रशिक्षक गंभीर म्हणाला की अशी उघड दिसणारी दुखापत झाली तर बदली खेळाडू मिळायला हवा. इंग्लंडचा कप्तान स्टोक्सने ही कल्पनाच हास्यास्पद ठरवली. त्याचं म्हणणं, कुठल्याही गोलंदाजाला एमआरआयच्या यंत्रात घाला, गुडघ्याला थोडीफार सूज निघतेच.

माझं मत स्टोक्सला. बदली दिला असता तर वोक्सच्या जागी ताज्या दमाचा कुणीतरी आला असता, चार-पाच चौकार मारून सामना संपवला असता किंवा बाद झाला असता. त्यात कसोटी कुठे राहिली?

ऑर्थो ओपीडी

तुम्हाला रिकामी बाही दिसली, मला बाहीच्या आतला खांदा दिसत होता. ताजा निखळलेला खांदा पळताना प्रत्येक पावलाला हिसका खातो, आणि पडून परत निखळला तर पुढचं सगळं महिन्यांच्या हिशेबात जातं. तो पळतानाचा चेहरा बघून मी टीव्ही म्यूट केला. का, विचारू नका.

दुसरं असं की इंग्लंड जवळजवळ चार दिवस एक गोलंदाज कमी घेऊन खेळलं. आपल्या दुसऱ्या डावात ३९६ झाल्या, त्या तीनच वेगवान गोलंदाजांवर. आणि निकाल लागला सहा धावांनी! उलटं झालं असतं, म्हणजे सिराजचा खांदा पहिल्या दिवशी गेला असता आणि आपण सहाने हरलो असतो, तर हा धागा तुम्ही कुठल्या मथळ्याने काढला असता?

रडीचा डाव

"पंचांचा निर्णय आणि सिराजचा खांदा" 😀

चौथी स्लिप

डॉक्टर, वैद्यकशास्त्र मान्य. पण आपण क्रिकेटवाले कसे आहोत ते बघा. ३१ जानेवारी २०२५, पुण्याजवळचं गहुंजे, इंग्लंडविरुद्ध टी-ट्वेंटी. मी स्टँडमध्ये होतो. शिवम दुबेच्या हेल्मेटला शेवटच्या षटकात चेंडू लागला. मोठी खेळी करून झालेली. दुसऱ्या डावात बघतो तर हर्षित राणा गोलंदाजीला. शेजारचे काका विचारतात, "हा कोण? सकाळच्या पेपरात तर नव्हता." राणाने तीन बळी घेतले, आपण १५ धावांनी जिंकलो, आणि इंग्लंडचा कप्तान बटलर म्हणाला की ही बरोबरीची बदली नव्हेच. मी भारताचा शर्ट घालून बसलो होतो, तरी मनात म्हटलं, याचं चुकलं नाही.

हे डोक्याला मार लागला तर बदली खेळाडू देणाऱ्या नियमात, जिथे 'सारख्याला सारखा' असं लिहून ठेवलंय. आता हॅमस्ट्रिंग, पाठ, पोटरी सगळ्याला दार उघडा. चौथ्या दिवशी खेळपट्टी फिरायला लागली की वेगवान गोलंदाजाची पोटरी दुखायला लागणार. रनरचं, म्हणजे जखमी फलंदाजासाठी धावणाऱ्या गड्याचं, काय झालं विसरलात? २०११मध्ये आयसीसीला तो बंद करावा लागला, कारण दमलेल्यालाही पायात गोळे यायला लागले होते.

ऑर्थो ओपीडी

@चौथी स्लिप, गहुंजेत चूक बदली निवडण्यात झाली. नियम वाईट म्हणून नव्हे. त्याच नियमाने २०१९ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या जागी लाबुशेन आला. फलंदाजाच्या जागी फलंदाज. इंग्लंडच्या आर्चरचा दुसराच चेंडू त्याच्याही हेल्मेटच्या जाळीवर बसला, तरी उभा राहून ५९ केल्या. नाट्य कमी पडलं का? उलट वाढलं. आणि त्याआधी, २०१४मध्ये ऑस्ट्रेलियाचा फिल ह्यूज चेंडू लागून गेला तेव्हापासून डोक्याच्या बाबतीत "खेळाची मर्दानगी" वगैरे कुणी बोलत नाही. मग खांद्याने काय पाप केलंय?

सायली कव्हरपॉइंट

दोन्हीकडचं वाचलं. मला थर्डमॅनचा एक भाग पटतो. त्याच मालिकेत लॉर्ड्सला इंग्लंडचा फिरकीपटू शोएब बशीरची करंगळी मोडली होती. पाचव्या दिवशी पट्टी बांधून तोच आला. तिकडे जडेजा १८१ चेंडू खेळून ६१वर नाबाद, आपण विजयापासून २३ दूर. सिराजने बशीरचा चेंडू मधोमध बॅटने खेळला, तो खाली आपटून मागे गडगडत गेला आणि बेल पडली. खरंतर आधी बेल पडल्याचं कळलंच नाही, सिराज वाकून खाली बघत बसला तेव्हा कळलं. बदली मिळत असता तर बशीर तेव्हा हॉटेलवर असता. म्हणजे ज्यांचा माणूस मोडला त्यांनाच फायदा झाला की!

पण हे नेहमी होत नाही. २०२३ला लॉर्ड्सवर ऑस्ट्रेलियाचा फिरकीपटू लायनची पोटरी गेली. लंगडत येऊन फलंदाजी केली, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, ऑस्ट्रेलिया तो सामना जिंकलंही. पुढच्या तीन कसोटी तो नव्हता, आणि २-० वरून मालिका २-२ झाली. टाळ्यांची क्लिप सगळे फॉरवर्ड करतात, उरलेली मालिका कुणी दाखवत नाही.

तोडगा म्हणून सुचवते: फक्त बाहेरून मार लागलेली दुखापत, एक्स-रेत दिसणारी. स्नायू-बिनायू नाही. बीसीसीआयने २०२५-२६च्या मोसमात देशांतर्गत बहुदिवसीय सामन्यांना साधारण असाच नियम आणला. त्यात माझी एक भर: बदली दिला की जखमी खेळाडू पुढचा सामनाही खेळणार नाही. मग बघू कोण खोटं लंगडतो.

गल्लीतला थर्डमॅन

सायलीताई, पुढच्या सामन्याची अट आवडली. पण वोक्सचा खांदा तुमच्या एक्स-रेत पास की नापास? निखळून बसवलेला खांदा बऱ्याचदा साध्या फिल्मवर ठीकठाक दिसतो, हे डॉक्टरच सांगतील. म्हणजे लगेच एमआरआय, म्हणजे स्टोक्सचा मुद्दा परत दारात.

मैदानकर

वयाने तुम्हा सगळ्यांचा काका असेन, म्हणून जरा लांबण लावतो.

१९७६, किंग्स्टन, सबिना पार्क. आदल्याच कसोटीत आपण पोर्ट ऑफ स्पेनला ४००हून जास्त धावांचा पाठलाग केला होता, ते विंडीजचा कप्तान लॉइडला झोंबलं होतं. खेळपट्टीचा उसळता भाग आणि समोर त्यांचा वेगवान गोलंदाज होल्डिंग. हेल्मेट नाही. अंशुमन गायकवाड ८१वर असताना कानावर बसला, विश्वनाथचं बोट गेलं, ब्रिजेश पटेलचं तोंड फुटलं. आपला कप्तान बेदीने ६ बाद ३०६वर डाव सोडला. दुसऱ्या डावात धावफलकावर ९७, पाच बाद, आणि पुढे फलंदाजच नाहीत. पाच जण 'अनुपस्थित, जखमी'. विंडीजला हव्या होत्या १३. आम्ही लहान होतो, पेपरात ९७ आणि ५ हे आकडे बघून वाटलं छपाईची चूक आहे.

आता सांगा, त्या दिवशी बदली खेळाडूंचा नियम असता तर काय झालं असतं? आणखी पाच जणांना त्याच तोफेच्या तोंडी दिलं असतं. तिथे कमी होता तो पंचांचा वचक. बाउन्सरवर बंधन, हेल्मेट, हे सगळं नंतर आलं, आणि खरं संरक्षण त्यानेच झालं. म्हणून माझं मत बदलीच्या विरोधात. कुंबळेने २००२ला अँटिग्वात मोडक्या जबड्याला पट्टी गुंडाळून १४ षटकं टाकली आणि लाराला पायचीत केलं. तो चेंडू बदली गोलंदाजाने टाकला असता तर आज कुणाच्या लक्षात राहिला असता का?

आमचं म्हणाल तर कांगा लीग, म्हणजे मुंबईतली पावसाळी स्पर्धा, एफ डिव्हिजन. आझाद मैदान, घोट्यापर्यंत गवत, पॉइंटला उभा होतो. ओल्या गवतातून चेंडू आला तो सरळ बोटाच्या टोकावर. बाराव्या गड्याने आइस्क्रीमची कांडी आणि चिकटपट्टीने बोट बांधलं. तशीच अकराव्या नंबरवर फलंदाजी केली, चार चेंडू खेळलो. बोट अजून वाकडं आहे, चहाचा कप धरला की बाहेर राहतं. नातवंडांना वाटतं आजोबा साहेबी थाटात चहा पितात.

चौथी स्लिप

काका 🙏 इथे धागा बंद करा कुणीतरी.

ऑर्थो ओपीडी

बंद नको, मला काकांना एकच विचारायचंय. बोट वाकडं राहिलं कारण वेळेवर बसवलं नाही, हे तुम्हालाही ठाऊक असेल. त्या दिवशी कप्तान म्हणाला असता, "तू जा, तुझ्या जागी दुसरा फलंदाजीला येतोय," तर तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मैदानकर

खरं सांगू? लगेच निघालो असतो. पाऊस भुरभुरत होता, बोट ठणकत होतं आणि शेजारच्या तंबूत गरम भजी आली होती.