इंटरनेट बंद असतानाही मोबाईलला आपले ठिकाण कसे कळते?

प्रश्न : जिज्ञासू वाचक

मोबाईलमधले सिमकार्ड काढून ठेवले आणि वाय-फायही बंद केले, तरी आधी डाउनलोड करून ठेवलेल्या नकाशावर आपले ठिकाण दाखवणारा ठिपका बरोबर जागी दिसतो आणि आपण चालू लागलो की तोही आपल्याबरोबर सरकतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. हे काम जीपीएस उपग्रहांमुळे होते एवढे माहीत आहे, पण त्यापुढे माझी समजूत अडखळते. उपग्रह हजारो किलोमीटर उंचीवर आहेत आणि मोबाईलची बॅटरी लहानशी. तिच्या बळावर मोबाईल इतक्या दूर संदेश कसा पाठवू शकतो? जगभरातल्या अब्जावधी मोबाईलना मोजकेच उपग्रह एकाच वेळी उत्तर कसे देतात? आणि उपग्रहाला आपण दिसतो, म्हणजे आपल्यावर वरून सतत कोणाची तरी नजर असते, असे समजायचे का? गणिताची फारशी सवय नसलेल्या माणसाला समजेल असे उत्तर मिळाल्यास आभारी राहीन.

उत्तर : ध्रुवमत्स्य

तुमच्या तिन्ही शंकांचे मूळ एकाच गृहीतकात आहे, ते म्हणजे मोबाईल उपग्रहाला संदेश पाठवतो हे. प्रत्यक्षात मोबाईल उपग्रहाकडे काहीही पाठवत नाही. जीपीएसचे तीसएक उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून रात्रंदिवस रेडिओलहरी प्रक्षेपित करत असतात आणि मोबाईलमधला रिसीव्हर त्या फक्त ऐकतो. त्यामुळे ऐकणारा एक असो वा अब्जावधी असोत, उपग्रहावरचा भार तिळमात्र वाढत नाही आणि आपल्याला कोण ऐकते आहे हे उपग्रहाला कधीच कळत नाही. ठिकाण शोधण्याचे सगळे गणित मोबाईलच्या आत होते.

आता नुसते ऐकून ठिकाण कसे कळते ते पाहू. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तीनने भागले, तर वीज किती किलोमीटरवर कडाडली याचा अंदाज येतो, कारण ध्वनीचा वेग आपल्याला ठाऊक असतो. रेडिओलहरींचा वेगही ठाऊक आहे, तो सेकंदाला जवळजवळ ३ लाख किलोमीटर आहे. मात्र विजेच्या बाबतीत आवाज केव्हा निघाला हे तिच्या चमकण्यावरून कळते, तशी खूण येथे नाही. म्हणून प्रत्येक उपग्रह आपल्या संदेशातच सांगत राहतो की, हा संदेश नेमका कोणत्या क्षणी निघाला आणि त्या क्षणी मी नेमका कोठे होतो. संदेश निघाल्याची वेळ आणि तो मोबाईलपर्यंत पोहोचल्याची वेळ यांच्यातला फरक, उपग्रह थेट डोक्यावर असेल तर सुमारे ६७ मिलिसेकंद आणि क्षितिजाजवळ असेल तर सुमारे ८६ मिलिसेकंद असतो. या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की उपग्रहापासूनचे अंतर मिळते.

एका उपग्रहापासूनचे अंतर कळले, तर त्या उपग्रहाभोवती कल्पिलेल्या एका प्रचंड गोलाच्या पृष्ठभागावर आपण कोठेतरी आहोत, एवढेच ठरते. दुसऱ्या उपग्रहाचा गोल पहिल्याला एका वर्तुळात छेदतो आणि तिसऱ्याचा गोल त्या वर्तुळाला दोन बिंदूंत छेदतो. या दोन बिंदूंपैकी एक पृथ्वीपासून दूर अवकाशात पडतो, म्हणून तो सोडून देता येतो. म्हणजे भूमितीच्या हिशेबाने तीन उपग्रह पुरेसे वाटतात, परंतु व्यवहारात चार लागतात आणि त्याचे कारण घड्याळ हे आहे.

रेडिओलहर एका मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात, ३०० मीटर जाते. उपग्रहात अणुघड्याळे बसवलेली असतात, त्यामुळे त्यांची वेळ विश्वासार्ह असते. पण मोबाईलमध्ये साधा क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि त्याची वेळ एक मिलिसेकंदाने जरी चुकली तरी अंतर ३०० किलोमीटरने चुकेल. येथे उपयोगी पडणारी गोष्ट अशी की मोबाईलचे घड्याळ जितके चुकलेले असेल, तितकीच चूक सर्व उपग्रहांच्या अंतरांत सारख्याच प्रमाणात शिरते. म्हणून लांबी, रुंदी आणि उंची दाखवणाऱ्या तीन अज्ञात संख्यांच्या जोडीला ‘माझे घड्याळ किती चुकले आहे’ ही चौथी अज्ञात संख्या मानायची आणि चौथ्या उपग्रहाचे चौथे समीकरण मांडून चारही संख्या एकदम सोडवायच्या. या सबंध रचनेतली ही युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते, कारण तिच्यामुळे महागडे अणुघड्याळ न बाळगताही मोबाईलला अणुघड्याळाच्या तोडीची वेळ मिळते. याच वेळेचा उपयोग करून अनेक देशांत दूरसंचाराची आणि वीजपुरवठ्याची जाळी आपापली यंत्रे एकतालात ठेवतात.

उत्तर : नकाशावाचक

वरील विवेचनात इंटरनेटची भूमिका आलेली नाही, म्हणून थोडी भर घालतो. उपग्रहाचा संदेश अतिशय सावकाश येतो, कारण त्याचा वेग सेकंदाला अवघे ५० बिट आहे. एका उपग्रहाच्या कक्षेची तपशीलवार माहिती दर ३० सेकंदांनी पुन्हा प्रक्षेपित होते आणि सर्व उपग्रहांचे ढोबळ वेळापत्रक पूर्ण मिळायला साडेबारा मिनिटे लागतात. इंटरनेट उपलब्ध असेल तर मोबाईल हीच माहिती तेथून क्षणात मिळवतो आणि ठिपका लगेच उमटतो. बरेच दिवस बंद असलेला मोबाईल इंटरनेटशिवाय सुरू केल्यास पहिले ठिकाण सापडायला जो वेळ लागतो, तो या सावकाश येणाऱ्या माहितीची वाट पाहण्यात जातो. एकदा ती मिळाली की पुढचे काम इंटरनेटवाचून सुरळीत चालते.

नजर ठेवली जाण्याबद्दलचा तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर दोन भागांत द्यावे लागते. उपग्रहाला तुम्ही दिसत नाही, याबद्दल शंका नको. मात्र मोबाईलने स्वतःचे ठिकाण एकदा शोधले की ते त्यातील अ‍ॅपना वाचता येते आणि परवानगी दिलेली असेल तर ती अ‍ॅप ते इंटरनेटवरून पुढे पाठवू शकतात. शिवाय मोबाईल ज्या टॉवरशी जोडलेला असतो त्यावरून सेवा देणाऱ्या कंपनीला त्याच्या ठिकाणाचा अंदाज येतोच आणि त्यासाठी जीपीएस लागत नाही. त्यामुळे काळजी घ्यायची ती अ‍ॅपना दिलेल्या परवानग्यांची घ्यावी.

जिज्ञासू वाचक

दोघांचेही मनापासून आभार. चौथ्या उपग्रहाचे कारण वाचून अनेक वर्षांची शंका फिटली. आता त्यातूनच दोन नवे प्रश्न निर्माण झाले आहेत. उपग्रह ‘मी नेमका येथे आहे’ असे सांगतो, पण त्याचे स्वतःचे ठिकाण त्याला कोण सांगते? आणि आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाशिवाय जीपीएस चाललेच नसते असे पुष्कळदा वाचनात येते, त्यात तथ्य किती?

उत्तर : कालमापक

पहिल्या प्रश्नाचे उत्तर जमिनीवर आहे. जगाच्या निरनिराळ्या भागांत निरीक्षण केंद्रे आहेत आणि त्यांची स्वतःची ठिकाणे अत्यंत काटेकोरपणे मोजलेली आहेत. ही केंद्रे उपग्रहांचे संदेश सतत ऐकतात. मोबाईल ज्ञात उपग्रहांवरून अज्ञात ठिकाण काढतो, तर येथे ज्ञात ठिकाणांवरून उपग्रहांची कक्षा काढली जाते. पुढील काही तासांत उपग्रह कोठे असेल आणि त्याचे घड्याळ किती पुढे-मागे झालेले असेल, याचा हिशेब करून तो उपग्रहाकडे पाठवला जातो आणि उपग्रह तोच सगळ्यांना ऐकवतो. याही पलीकडे एक पायरी आहे. पृथ्वी स्वतः फिरते आणि तिच्या फिरण्यात बारीक चढउतार होतात, म्हणून अवकाशाच्या संदर्भात पृथ्वी या क्षणी नेमकी कशी वळलेली आहे हेही माहीत असावे लागते. त्यासाठी शास्त्रज्ञ अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वेसारांचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांचा, आधार घेतात, कारण इतक्या अंतरावरच्या वस्तू आकाशात जवळजवळ स्थिर दिसतात. गल्लीतले वळण दाखवणाऱ्या ठिपक्याचा अंतिम आधार विश्वाच्या इतक्या दूरच्या टोकाशी असावा, याचे मला नेहमी नवल वाटते.

सापेक्षतावादाबद्दल सांगायचे तर त्याचे दोन परिणाम येथे परस्परविरुद्ध दिशांनी काम करतात. उपग्रह सेकंदाला सुमारे ३.९ किलोमीटर वेगाने फिरतो आणि वेगामुळे त्याचे घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा दिवसाला सुमारे ७ मायक्रोसेकंद मागे पडते. उलट तेवढ्या उंचीवर पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण क्षीण असल्याने ते दिवसाला सुमारे ४५ मायक्रोसेकंद पुढे जाते. वजाबाकी केल्यावर ३८ मायक्रोसेकंद पुढे, असा निष्कर्ष येतो आणि अंतराच्या भाषेत ही चूक दिवसाला ११ किलोमीटरहून अधिक भरते. यावर उपाय म्हणून उपग्रहावरील घड्याळांची मूळ वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झपेक्षा अगदी किंचित कमी ठेवली जाते, म्हणजे कक्षेत गेल्यावर ती जमिनीवरून पाहता बरोबर भासते. १९७७ साली एका प्रायोगिक उपग्रहावर ही दुरुस्ती मुद्दाम बंद ठेवून घड्याळ सुमारे २० दिवस चालू दिले गेले आणि ते सिद्धान्ताने वर्तवले होते जवळजवळ तेवढेच पुढे गेले.

तरीही ‘सापेक्षतावाद नसता तर ठिपका रोज ११ किलोमीटर भरकटला असता’ हे लोकप्रिय विधान मला अतिसोपे वाटते. सर्व उपग्रहांची घड्याळे सारख्याच प्रमाणात पुढे गेली तर ध्रुवमत्स्य यांनी सांगितलेल्या चौथ्या अज्ञात संख्येतच त्या चुकीचा मोठा भाग सामावला जाईल, आणि केंद्रांवरून येणाऱ्या दुरुस्त्याही काही भाग भरून काढतील. प्रत्येक उपग्रहाची चूक वेगळी असली की खरी अडचण होते. उपग्रहाची कक्षा पूर्ण वर्तुळाकार नसते, म्हणून तो पृथ्वीजवळ येतो तेव्हा त्याचे घड्याळ किंचित मंदावते आणि दूर जातो तेव्हा वेग घेते. हा चढउतार ज्याचा त्याचा निराळा असतो आणि तो हिशेबात धरला नाही तर अंतरात कित्येक मीटरची चूक राहू शकते. म्हणून प्रत्येक रिसीव्हर, तुमच्या हातातला मोबाईलसुद्धा, ही दुरुस्ती स्वतः करतो.

उत्तर : दर्यावर्दी

या चर्चेला इतिहासाची एक बाजू आहे, ती येथे मांडावीशी वाटते, कारण वेळ अचूक कळली तरच जागा अचूक कळते हे तत्त्व उपग्रहांच्या बरेच आधीचे आहे. भर समुद्रात अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवाच्या उंचीवरून काढता येत असे, परंतु रेखांश काढण्याची खात्रीची रीत शतकानुशतके सापडली नव्हती. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. त्यामुळे निघालेल्या बंदरात या क्षणी किती वाजले आहेत हे जहाजावर कळले, तर तेथील वेळ आणि जहाजावरची सूर्यावरून काढलेली वेळ यांच्या फरकातून रेखांश मिळतो. १७०७ साली सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची जहाजे खडकांवर फुटून शेकडो खलाशी बुडाले. पुढे १७१४ साली ब्रिटिश संसदेने अर्ध्या अंशाच्या आत रेखांश सांगू शकणाऱ्या रीतीसाठी २०,००० पौंडांचे बक्षीस जाहीर केले. अर्धा अंश म्हणजे वेळेच्या भाषेत अवघी २ मिनिटे, आणि तीही काही आठवड्यांच्या हेलकावणाऱ्या प्रवासानंतर. जॉन हॅरिसन या मुळात सुतारकाम करणाऱ्या कारागिराने आयुष्य वेचून असे घड्याळ घडवले. १७६१ साली निघालेल्या जमैकाच्या सफरीत त्याचे चौथे घड्याळ, त्याची ठरलेली चाल हिशेबात धरल्यावर, ८१ दिवसांत सुमारे ५ सेकंदच मागे पडले होते.

उपग्रहांचा संबंध जुळला तो ४ ऑक्टोबर १९५७ रोजी स्पुतनिक कक्षेत गेल्यानंतर. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विल्यम गायर आणि जॉर्ज वायफेनबाख या तरुण शास्त्रज्ञांनी स्पुतनिकचे बीप ऐकले आणि उपग्रह जवळ येताना व दूर जाताना लहरींची वारंवारता कशी बदलते यावरून त्याची कक्षा शोधून काढली. त्यांचे वरिष्ठ फ्रँक मॅकक्लूर यांनी प्रश्न उलटा फिरवला: उपग्रहाची कक्षा माहीत असेल तर ऐकणाऱ्याचे ठिकाण काढता येईल का? त्यातून पाणबुड्यांसाठी ‘ट्रान्झिट’ ही उपग्रहप्रणाली उभी राहिली, जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ साली गेला आणि १९९५ साली ही व्यवस्था पूर्ण क्षमतेने काम करू लागली. १९८३ साली वाट चुकलेले कोरियाचे प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडले आणि २६९ जणांचा बळी गेला. त्यानंतर ही लष्करी व्यवस्था नागरिकांनाही खुली राहील असे अमेरिकेने जाहीर केले. तरीही नागरी संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक मे २००० पर्यंत कायम होती. ती काढल्यावर अचूकता सुमारे १०० मीटरवरून २० मीटरच्या आत आली आणि वाहनांना रस्त्याची वळणे सांगणे खऱ्या अर्थाने शक्य झाले.

जिज्ञासू वाचक

इतक्या सविस्तर उत्तरांची अपेक्षा नव्हती, सर्वांचा ऋणी आहे. एक शेवटची शंका राहते. उंच इमारतींच्या मध्ये उभे राहिल्यावर ठिपका शेजारच्या रस्त्यावर का उडी मारतो आणि घरात शिरल्यावर घोटाळतो का?

उत्तर : ध्रुवमत्स्य

उपग्रहाचा संदेश जमिनीवर पोहोचेपर्यंत इतका क्षीण होतो की त्याची शक्ती रिसीव्हरमधल्या स्वाभाविक खरखरीपेक्षाही कमी असते. तो ओळखता येतो याचे कारण प्रत्येक उपग्रह १०२३ चिन्हांची स्वतःची ठरलेली मालिका दर मिलिसेकंदाला पुन्हा पुन्हा पाठवतो आणि मोबाईल आपल्याकडची तीच मालिका तिच्यावर सरकवून जुळवत राहतो. जुळणी झाली की खरखरीतूनही संदेश वेगळा निघतो. छप्पर आणि भिंती या क्षीण लहरींचा बराचसा भाग शोषून घेतात, म्हणून घरात जुळणी अवघड होते आणि मोबाईल जवळपासच्या वाय-फाय राउटरांच्या व टॉवरांच्या नोंदींवरून अंदाज बांधतो. इंटरनेट बंद असेल तर हा आधारही बहुधा मिळत नाही.

उंच इमारतींमध्ये कारण निराळे असते. तेथे आकाशाची चिंचोळी पट्टीच खुली असते आणि काही उपग्रहांच्या लहरी समोरच्या भिंतीवर आपटून मग मोबाईलपर्यंत येतात. वळसा घालून आलेल्या लहरीला जास्त वेळ लागतो, मोबाईल तो सरळ रेषेतला वेळ समजतो आणि तो उपग्रह आहे त्याहून दूर आहे असा निष्कर्ष काढतो. एका अंतरात ३० मीटरची भर पडली तरी ठिपका शेजारच्या रस्त्यावर जायला तेवढे पुरते. अलीकडचे अनेक मोबाईल जीपीएसच्या जोडीला ग्लोनास, गॅलिलिओ, बायडू यांसारख्या इतर प्रणालींचेही उपग्रह ऐकतात आणि त्यांतील काही दोन निरनिराळ्या वारंवारतांवर ऐकतात. त्यामुळे परावर्तित लहरी ओळखून बाजूला काढणे त्यांना बरेच सोपे जाते. अशा जागी ठिपका उडी मारू लागला, तर जवळच्या चौकात किंवा मोकळ्या जागेत येऊन थोडा वेळ थांबावे. सरळ दिसणारे उपग्रह वाढले की ठिपका सहसा आपोआप जागेवर येतो.