शब्दचर्चा: समुद्र 'गोडं पाणी' वाहून नेतो?

वेताळटेकडी:
एका लेखाचं भाषांतर तपासते आहे. त्यात वाक्य आहे, 'महासागर ताजे पाणी आणि उष्णता जगभर वाहून नेतात.' 'ताजे' खोडून 'गोडे' केलं आणि सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या रत्नागिरीकडच्या. म्हणाल्या, "समुद्रात कुठलं गं गोडं पाणी? खाडीकाठच्या आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायचं, तसं तरी म्हण." आता काय ठेवू? गोडे, मचूळ की निमखारे?

दर्याकाठ:
'गोडे'च ठेवा. गोडं तेल काही गोड लागत नाही; कडू तेल, खोबरेल यांच्यापासून ते वेगळं, एवढंच तो शब्द सांगतो. गोडं पाणीही तसंच, खाऱ्यासमोर गोडं. आणि समुद्राचा अभ्यास करणारे नेमकी ही तफावतच मोजतात.

सर्वसाधारण समुद्राच्या पाण्यात किलोमागे 35 ग्रॅम मीठ असतं. अशा चार बादल्यांत एक बादली पावसाचं पाणी ओता: 28 ग्रॅमचं पाणी झालं. तोंडात धरवणार नाही इतकं खारट, तरी त्यात पाचवा हिस्सा गोडं पाणी. बंगालच्या उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर पृष्ठभाग असाच असतो, कारण गंगा-ब्रह्मपुत्रा तिथेच रिकाम्या होतात. हिवाळ्याच्या तोंडावर किनाऱ्यालगतचा प्रवाह हे पाणी दक्षिणेला नेतो, ते श्रीलंकेला वळसा घालून केरळ-लक्षद्वीपकडच्या अरबी समुद्रात शिरतं. पावसाळ्यातला मोसमी प्रवाह उलट अरबी समुद्राचं जास्त खारं पाणी उपसागरात नेतो. ही झाली गोड्या पाण्याची ने-आण.

मचूळ ही चव झाली. निमखारे हा कोळंबीच्या तळ्यांवाल्यांचा शब्द, त्यांच्याकडेच राहू दे.

शाळामास्तर:
मला त्याहून 'वहन' टोचतं. कुणी 'उष्णतेचे वहन' करून ठेवेल म्हणून आधीच सांगतो. शाळेच्या पुस्तकात वहन म्हणजे चमचा चहात ठेवला की दांडा तापतो ते. तिथे पदार्थ जागचा हलत नाही. समुद्रात पाणीच उष्णता घेऊन निघतं. 'अभिसरण' जवळचं आहे, पण मुलांच्या डोळ्यांपुढे तापणाऱ्या पातेल्यातलं खालीवर होणारं पाणी येतं. अटलांटिकमध्ये कोमट पाणी वरून उत्तरेला जातं, थंड आणि जड होऊन बुडतं आणि खोलवरून दक्षिणेला परततं. जाताना कोमट, येताना गार. उष्णतेचा हिशोबही तफावतीचाच. म्हणून नाम करूच नका, 'वाहून नेतात' हे क्रियापद उत्तम आहे.

दर्याकाठ:
पटलं. या अटलांटिकच्या फेऱ्यात सेकंदाला सुमारे 1 कोटी 70 लाख घनमीटर पाणी फिरतं. लेखात हा आकडा असेल तर टीएमसीत, म्हणजे अब्ज घनफुटांत, सांगा, पुण्यात ती भाषा घराघरांत कळते. खडकवासला साखळीतल्या चारही धरणांचं मिळून 29 टीएमसी पाणी त्या वेगाने पन्नास सेकंदांच्या आत निघून जाईल.

वेताळटेकडी:
वाक्य असं केलंय: 'समुद्राचे प्रवाह कमी खाऱ्या पाण्यातून गोडे पाणी आणि कोमट पाण्यातून उष्णता दूरवर वाहून नेतात.' सासूबाईंना बादल्यांचा हिशोबही सांगितला. त्या म्हणाल्या, "पावसाळ्यात आमची विहीरपण गोडी व्हायची."