मदत हवी आहे: 'ऑल्स वेल, एन्ड्स वेल' मूळ कँटोनीजमध्ये कुठे मिळेल?

मंडळी, हाँगकाँगचा १९९२ चा हा सिनेमा कँटोनीज आवाजात, इंग्रजी सबटायटल्ससह कुठे बघायला मिळेल? मला सापडलेली प्रत मँडरिन डबिंगची. स्टीफन चाऊच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज म्हणजे अर्धी मजाच गेली! तीन भाऊ, तिघांची तीन लफडी, चिनी नववर्षाचा खास मसाला. लेस्ली चंग फुलांची सजावट शिकवतो, मॅगी चंग हॉलिवूडचे प्रसंग खऱ्या आयुष्यात जगत असते. पण सगळ्यांत भाव खाऊन जाते ती सँड्रा एन्ग, नवऱ्याने गृहीत धरलेली थोरली सून. डीव्हीडी चालेल, ऑनलाइन भाड्यानेही चालेल, फक्त भारतातून घेता यायला हवं. आणि हो, १९९७ चा भाग बघण्यासारखा आहे का, की नुसतं नावच तेच?