मदत हवी आहे: लेकीला लॅपटॉप घेऊ की डेस्कटॉपवरच भागवू?

नमस्कार मंडळी, मी गोव्यातल्या पेडण्याहून लिहितेय. मुलगी जूनपासून कॉलेजला म्हापशाला जाणार, रोज बसने ये-जा, आणि तिला लॅपटॉपच हवाय. घरी जुना डेस्कटॉप आहे, चालतो अजून, पण पावसात आमच्याकडे लाइट कधी जाईल नेम नाही, यूपीएस पाच मिनिटं टीं टीं करतो आणि सगळं बंद, गेल्या पावसात तिचा अर्धा प्रोजेक्ट असाच उडाला. लॅपटॉपला निदान बॅटरी असते, तेवढं मान्य.

पण माझा आधीचा लॅपटॉप आठवला की धडकी भरते. दमट खारी हवा आमची, दोन पावसाळ्यांत बिजागरी गंजली, उघडताना कर्रर्र करायचा, मग एंटरचं बटण बसलं. दुकानात नेला तर म्हणे वरचा अख्खा भागच बदलावा लागेल, रॅम (मेमरी) पण बोर्डवर सोल्डर केलेली, म्हणजे डाग देऊन कायमची जोडलेली, वाढवता येणार नाही. डेस्कटॉपचा कीबोर्ड मी पाचशेत नवीन आणलेला!

बजेट ५० हजारांच्या आत. रॅम नंतर वाढवता येते की नाही हे घेण्याआधी कसं ओळखायचं? ८ जीबी पुरेल की १६च घेऊ? चार्जर सतत लावून ठेवला तर बॅटरी लवकर जाते ना, ती ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग कोण वापरतं का? आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या बॅगेत ठेवून खरंच काही फरक पडतो का, की नुसतं मनाचं समाधान? किनाऱ्याकडच्यांनी जरूर सांगा.