आयईएलटीएस जनरलचं लेटर रायटिंग जमना झालंय, तयारी कशी करावी?

सीएनसीवाला: नमस्कार मंडळी. मी मूळचा जिंतूरचा, सध्या वाळूज एमआयडीसीत कंपनीत आहे. कॅनडात कायमचं राहायला जायच्या एक्सप्रेस एन्ट्री योजनेसाठी आयईएलटीएस जनरल ट्रेनिंग ही इंग्रजीची परीक्षा द्यायचीय, माझ्या कॅटेगरीला सीएलबी 7 (कॅनडाच्या भाषा-मोजपट्टीवरची पातळी) लागतो म्हणजे चारही मॉड्यूलला कमीत कमी 6 बँड, म्हणजे गुण. लिसनिंग रीडिंगचं टेन्शन नाही, निबंध पण कसाबसा होतो, पत्रावर मात्र लई अडतंय. मराठी मीडियम, शाळेत लेटर म्हणजे मुख्याध्यापकांना रजेचा अर्ज नाहीतर मित्राचं अभिनंदन, ते पण गाईडातून पाठ. आता सरावाला प्रश्न असा, शेजाऱ्याला लिहा की तुम्ही आठ दिवस गावाला चाललात, का चाललात, घराकडं काय काय बघायचं, अन् बदल्यात त्यांच्यासाठी काय कराल. अहो शेजाऱ्याला आपण गेटातून हाक मारून सांगतो, लिहितंय कोण! मी लिहिलं की तहसीलातला अर्जच होतो. संभाजीनगरातल्या एका क्लासवाल्यानं तयार पत्रांची झेरॉक्स दिली, म्हणे पाठ करा न् फक्त नावं बदला, मला काही पटंना. पाठ केलेलं चालतं का, पत्ता तारीख टाकायची का, वेळ किती द्यायचा, सांगा बरं कुणीतरी. सेकंड शिफ्टला रात्री बारानंतरच अभ्यास होतो त्यामुळं क्लास परत लावणं काही शक्य नाही.

लातूरकर: झेरॉक्स रद्दीत टाक भाऊ. पाठ केलेलं एक्झामिनरला लगेच कळतं अन् त्याचा फायदा शून्य. पत्ता लिहायचा नाही, तशी सूचना प्रश्नातच असते. कमीत कमी 150 शब्द, वेळ 20 मिनिटं धर, कारण एक तासात निबंध पण आहे, तो 250 शब्दांचा आणि त्याचं वजन पत्राच्या दुप्पट, म्हणून पत्रात अर्धा तास घालवू नको. खरी गोची त्या तीन मुद्द्यांत असते, पोरं पहिल्याच मुद्द्यावर पानभर लिहितात अन् तिसऱ्याला एक ओळ, तिथंच बँड जातो. तुझ्या प्रश्नात "बदल्यात मदत करीन" एवढ्यावर भागवू नको, दिवाळीत ते गावाला गेले की त्यांच्या झाडांना पाणी घालीन, असं काहीतरी नेमकं लिही. आणि लिहायच्या आधी तो निरोप मोबाईलवर रेकॉर्ड कर, शेजाऱ्याला बोलतोस तसाच, मग ऐकून इंग्रजीत मांड, शब्दाला शब्द लावत बसू नको. अर्जाची भाषा आपोआप गळते, माझं तरी असंच सुटलं. अनोळखी साहेबाला डिअर सर ऑर मॅडम असेल तर शेवटी युअर्स फेथफुली, आडनावानं लिहिलं तर युअर्स सिन्सिअरली, दोस्ताला बेस्ट विशेस. आय'म, डोन्ट असली शॉर्टकट रूपं दोस्ताच्याच पत्रात.

बीडची सिस्टर: दादा, कॉम्प्युटरवर देणार असाल तर सराव नोटपॅडमधे स्पेलचेक बंद ठेवून करा, परीक्षेत शब्द किती झाले ते स्क्रीनवर दिसतं पण स्पेलिंग चुकलं तर खाली लाल रेघ येत नाही. आयईएलटीएसच्या साईटवर नमुना उत्तरं आहेत, एक्झामिनरच्या शेऱ्यासकट, फुकट. बँड कशावर देतात तो तक्ता पण मिळतो, आधी तो वाचा न् मग तुमचं पत्र.

सीएनसीवाला: लई आभार दोघांचे. शेजाऱ्याचं पत्र आज रात्री लिहून इथंच टाकतो, जरा पण दयामाया न करता तपासा. अन् एक विचारायचं राहिलंच, दुकानदाराला तक्रारीचं पत्र असलं तर राग कितपत दाखवायचा? मी लिहिलं की एकतर पाया पडतोय असं वाटतं नाहीतर डायरेक्ट धमकी.