मदत हवी आहे: कंपोस्टेबल पिशवी डब्यात रात्रीतच फाटते

मृण्मयी_कोथरूड:
ओल्या कचऱ्याच्या डब्याला कंपोस्टेबल पिशवी लावते. सकाळपर्यंत बूड गळतं, सिंकखाली काळं पाणी आणि वास. आज उचलताना सगळं फरशीवर सांडलं, घरात बाळ रांगतंय. आणि गच्चीवरच्या खताच्या ड्रममध्ये जूनमध्ये टाकलेली पिशवी अजून अख्खी आहे! कृपया लवकर सांगा.

प्रदीप_ना:
पिशवीवर नक्की काय छापलंय? 'बायोडिग्रेडेबल' की 'कंपोस्टेबल'? आयएस/आयएसओ १७०८८ (कंपोस्टेबल प्लॅस्टिकचं मानक) आणि सीपीसीबीचा, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा, प्रमाणपत्र क्रमांक आहे का?

मृण्मयी_कोथरूड:
हिरवी आहे, कंपोस्टेबल लिहिलंय. का फाटते, ते सांगा ना.

सुमन_मावशी:
अगं, पिशवी हवीच कशाला? वर्तमानपत्राची दुहेरी घडी तळाशी घाल, वरून खोका करून बसव. पाणी सगळं शोषून घेतं. मी वर्षानुवर्षं तेच करते.

विक्रांत८१:
मावशी, छपाईची शाई खतात कशाला? साधा ब्राऊन पेपर घ्या.

सुमन_मावशी:
माझा कढीपत्ता बघायला ये एकदा, मग शाईचं बोल.

प्रदीप_ना:
मृण्मयीताई, डब्यात काय काय जातं? आणि पिशव्यांचं पाकीट कुठे ठेवलंय?

मृण्मयी_कोथरूड:
चहाचा चोथा, उरलेलं वरण, कलिंगडाची सालं. पाकीट शेगडीच्या वरच्या कपाटात आहे.

प्रदीप_ना:
मग कारण तिथेच सापडलं. या पिशव्या बहुतेक पीबीएटी (विघटन होणारं एक प्लॅस्टिक) आणि मक्याच्या स्टार्चच्या असतात. ऊब आणि ओल लागली की त्या वापरण्याआधीच कमजोर होतात. शिवाय तुम्ही चोथा गरमच टाकत असणार. आमच्याकडे तसंच होतं: पिशवी हाताला चिकट लागायची, बोट सहज आरपार जायचं. पाकीट थंड, कोरड्या जागी हलवा. चोथा गाळणीत निथळू द्या, वरण टाकू नका, पिशवी रोज बदला.
ड्रमचं म्हणाल तर ती पिशवी मोठ्या खतप्रकल्पासाठी आहे. प्रमाणपत्राची चाचणी साधारण ५८ अंशांच्या आसपास, भरपूर हवा लागणाऱ्या ढिगात होते. गच्चीवरच्या ड्रममध्ये तेवढी उष्णता क्वचितच टिकते. कचरा ड्रममध्ये रिकामा करा, पिशवी आत टाकू नका.

नेहा_लंडन:
आमच्याकडे स्वयंपाकघरातल्या छोट्या डब्याला ईएन १३४३२ या युरोपीय मानकाच्या कंपोस्टेबल पिशव्या मिळतात. त्याही दोन दिवसांत घाम धरतात. कचरा बायोगॅसला जातो, तिथे काही ठिकाणी पिशव्या वेगळ्या काढून टाकतात.

सोनाली_के:
चिलटांवर काही उपाय आहे का? आमच्या डब्यावर ढग जमतो.

विक्रांत८१:
सोनाली, झाकण घट्ट लावा, वर सुकी पानं किंवा लाकडाचा भुसा पसरा. विषय तिकडे गेला, माफ करा.

मृण्मयी_कोथरूड:
पाकीट आत्ताच खाली, कोरड्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. चोथा गरमच टाकत होते, हे खरं. ड्रमातली जुनी पिशवी काढून कुठे टाकू, सुक्या कचऱ्यात की कुठे? कचरेवाल्या ताई उद्या सातला येतात.

प्रदीप_ना:
ती प्लॅस्टिकच्या रिसायकलिंगमध्ये मिसळू देऊ नका. झटकून वेगळी ठेवा, आणि ताईंना सांगून द्या की ही कंपोस्टेबल आहे.

सुमन_मावशी:
आणि उद्यापासून घडी घालून बघ!